उंबराचं आवतन

माझ्या मुलीच्या लग्नाचं पहिलं आवतन मी चुकीच्या झाडाला दिलं.

वाचणाऱ्याला वाटेल, झाडाला कुठे आवतन देतात. देतात. उमरखेडच्या अलीकडे आमचं गाव आहे, आणि आमच्या घराण्यात मांडवाची पहिली मेढ उंबराचीच लागते. मेढ म्हणजे काही मोठा खांब नाही. मनगटाएवढी फांदी, पाल्यासकट. ती तोडायचा मान घरच्या जावयाचा. पण आदल्या सांजेला मुलीच्या बापानं झाडापाशी जायचं, हळदीत भिजवलेला दोरा बुंध्याला गुंडाळायचा, सुपारी-तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, की घरी लगीन आहे, उद्या तुमची एक फांदी न्यायला येतो, रागावू नका, तुम्हीही या. मग एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. तेवढ्यात झाडावर जे कोणी राहत असेल ते बाजूला सरकतं, असं माझी आई सांगायची. ती आता नाही. न विचारता उंबर तोडला तर काय होतं, हेही तीच सांगायची. एका वाक्यात सांगायची, आणि पुढचं विचारलं तर भाकरी थापायला लागायची. "तो आपला वाटा घेऊन जाते," एवढंच.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, ही समजूत मी दरवर्षी आठवीच्या वर्गात ब्लेडनं कापतो. फळ मधोमध चिरायचं, भिंगाखाली धरायचं, आतली बारीक फुलं दाखवायची आणि म्हणायचं, फूल होतंच, कोणी कापून पाहिलं नव्हतं. पोरांना तो तास फार आवडतो. मला त्याहून जास्त. त्यामुळे मोठ्या भावानं पूजेचं ताट हातात दिलं तेव्हा मी त्याचाही थोडा तास घेतला. झाडाला कान नसतात, वगैरे. भाऊ शेतकरी माणूस, लग्नाच्या धावपळीत आठ दिवस धड झोपलेला नव्हता. तो म्हणाला, "कान नसतीन गुरुजी, पन मान असते. जाय."

गेलो. आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून नाल्याच्या काठावर दोन झाडं आहेत. एक उंबर, चांगला जुना. त्याच्यापासून दहा पावलांवर काळा उंबर. कूळ तेच, फळंही बुंध्याला तशीच लगडतात. पण झाड ठेंगणं, पान खरखरीत, आणि मेढीला ते चालत नाही. हा फरक मी फळ्यावर चित्र काढून समजावतो. त्या सांजेला मात्र माझा चष्मा घरी फ्रिजवर राहिला होता, उजेड गेला होता, आणि झाडाशी बोलताना आपला एखादा विद्यार्थी आपल्याला पाहील, या धास्तीनं मी घाईत होतो. हाताला लागलेलं पान खरखरीत वाटलं. धूळ बसली असेल, असा मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. दोरा गुंडाळला, सुपारी ठेवली, "उद्या येतो" असं दूधवाल्याला सांगावं तसं सांगितलं आणि सटकलो.

सकाळी सगळे वाजतगाजत निघालो. बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे जवाईबुवा, कुऱ्हाड घेऊन पुढे. उंबराखाली थांबून त्यांनी रीतीप्रमाणे मला विचारलं, आवतन झालं ना. मी म्हणालो, झालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन घावांत फांदी खाली आली. कापल्या जागेतून पांढरा चीक ओघळला. बायकांनी फांदीला हळदीकुंकू लावलं. आणि आता चष्मा डोळ्यांवर असल्यामुळे मला दहा पावलांवरच्या त्या ठेंगण्या झाडाच्या पोटाला बांधलेला माझा पिवळा दोरा स्वच्छ दिसला.

तेव्हाच बोललो असतो तर काय झालं असतं? भावानं कपाळावर हात मारला असता, सगळे परत फिरले असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय हसू झालं असतं. विज्ञानाच्या मास्तरला झाड ओळखता आलं नाही, हे माझ्या निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. मी गप्प राहिलो. फांदी जवाईबुवांच्या खांद्यावर चढली, वाजंत्री पुढे गेली, आणि मी मागे वळून उंबराकडे एकदा पाहिलं. कापल्या जागेचा चीक अजून खाली येत होता.

लग्नाला पाच दिवस होते.

पहिल्या दिवशी सांजेपर्यंत मेढीचा पाला मान टाकून बसला. तोडलेल्या फांदीचा पाला वैशाखात वाळणारच. पानातून पाणी उडून जातं आणि खालून मिळत नाही, हे मी सातवीला शिकवतो. तरी दर अर्ध्या तासाला काहीतरी निमित्त काढून मी अंगणात जायचो आणि एखादं पान बोटांत धरून पाहायचो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला माठ फुटला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मनात म्हटलं, घेतला वाटा, सुटलो. खापऱ्या मी स्वतः गोळा करून बाहेर टाकल्या, आणि बायको माझ्याकडे बघतच राहिली, कारण लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी मी घरातलं फुटकं कधी उचललेलं नाही. मग आचाऱ्याच्या हाताला चटका बसला. फुलसावंगीहून येणाऱ्या मामेभावाची गाडी वाटेत पंक्चर झाली. प्रत्येक वेळी मी चौकशीला सगळ्यांच्या आधी धावायचो. लोक म्हणाले, गुरुजी किती मायाळू झाले. मी मनात बेरीज करत होतो.

पण आई जेव्हा वाटा म्हणायची तेव्हा ती माठाबद्दल बोलत नव्हती, हे मला आतून कळत होतं. ज्याच्यासाठी मेढ रोवली त्याच्याकडूनच तो वाटा घेणार. आणि मेढ रोवली होती माझ्या पोरीसाठी.

पोरगी यवतमाळला नोकरी करते. रजा टाकून आली होती. सोयरे दारव्ह्याचे, समजूतदार माणसं. काही मागणं नाही, काही रुसवा नाही. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मला त्याचंच भय वाटायचं. मी तिच्याकडे चोरून पाहायचो. ती जिना उतरताना मी खाली उभा राहायचो. ती आंबा चोखताना कोय घशात अडकेल म्हणून मी समोर बसायचो. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या मागं मागं कायले फिरून राह्यले?" मी म्हणालो, आता थोडेच दिवस आहेस म्हणून. म्हणालो, त्या शब्दांचा दुसरा अर्थ माझा मलाच ऐकू आला, आणि मी अंगणात जाऊन मेढीचं पान पुन्हा बोटांत धरलं.

हळदीच्या दिवशी पारा पंचेचाळीसला टेकला होता. आदल्या दुपारी ती ब्लाऊज आणायला उमरखेडला जाऊन आली होती; सकाळी जेवली नव्हती, जरा मळमळतं म्हणाली. बायका म्हणाल्या, नवरीला होतंच. बारा वाजता तिला मांडवात पाटावर बसवलं. मी मेढीजवळ उभा होतो. काकू-मावश्यांनी हळद लावली, गाणी चालू होती, आणि तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "मी बाहेर जाऊ का?"

सगळे हसले. लहानपणी ती माझ्याच शाळेत होती, माझ्याच वर्गात बसायची, आणि शाळेत बाबा म्हणायचं नाही असा मीच नियम केला होता. लोकांना वाटलं, नवरी बापाची गंमत करते आहे. पण तिची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या आरपार कुठेतरी होती. मी वाकून कपाळाला हात लावला. हळदीखाली कातडं तव्यासारखं तापलं होतं, आणि घामाचा थेंब नव्हता. उन्हाचा झटका आलेल्या माणसाला घाम येत नाही, हेही मी शिकवतो. शिकवलेलं सगळं त्या क्षणी एका रांगेत येऊन उभं राहिलं आणि त्यातलं काहीही मला करता येईना. ती बाजूला कलंडली तेव्हा तिला माझ्या आधी माझ्या बायकोनं धरलं.

भावानं जीप काढली. मागे बायकोच्या मांडीवर तिचं डोकं, ओली चादर अंगावर, मी पाय धरून बसलेलो. वाटभर बायको तिच्याशी बोलत होती, बाई, मले सांग, तुले शाळेत कोणती मैत्रीण आवडे, सांग ना. पोरगी मधूनच काहीतरी बरळायची. तिला मी अजून सरच होतो. एकदा ती म्हणाली, सर, माझा पेपर राहिला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. नाल्याचा पूल गेला. उजव्या हाताला, उन्हाच्या लाटेत थरथरताना, उंबर दिसला. मी डोळे मिटले.

डॉक्टर तरुण होते आणि चांगलेच चिडले होते. ताप एकशे पाच. त्यांनी बर्फ लावला, पंखा लावला, सलाईन लावली, आणि विचारलं, किती दिवस ही पाणी प्यायली नाही. भावानं घरी फोन लावला. मग उलगडा झाला तो असा, की घरात पाहुणे चाळीस आणि संडास एक. सारखं उठून रांगेत उभं राहायला नको म्हणून पोरगी तीन दिवस पाणीच मोजून पीत होती. हे तिनं चुलतबहिणीला सांगितलं होतं, आणि चुलतबहिणीला ते हुशारीचं वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "लग्नघरात नवरीला पाणी पाजायला कोणी नाही का?" आणि मग जरा हळू, मला बाजूला घेऊन, "दोन तास बघू. उतरला नाही तर नांदेडला हलवावं लागेल. मेंदूला त्रास व्हायला नको."

कारण सापडलं होतं. साधं, स्वच्छ, पुस्तकातलं कारण. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण भीतीला कारण मिळालं म्हणून ती जाते थोडीच. मला वाटलं, वाटा घेणारा काय कुऱ्हाड घेऊन येतो? असाच येतो, एका संडासाच्या रांगेतून.

बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाईल काढला. मास्तर भ्याला की वाचायला लागतो. मी उंबर शोधला. संस्कृतात उदुंबर, त्यावरून औदुंबर; दत्ताचं झाड. यज्ञाला लागतो म्हणून यज्ञांग. फळात किडे असतात म्हणून जंतुफळ. हिंदीत गूलर. दाराचा उंबरा पूर्वी याच लाकडाचा करत म्हणून तो उंबरा, असंही कोणी लिहिलं होतं. म्हणजे घरातून पाऊल बाहेर टाकायचं तर याला ओलांडूनच. आणि ज्या गावच्या दवाखान्यात मी बसलो होतो त्या उमरखेडच्या नावातही उंबरच आहे, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. खरं-खोटं त्यांना माहीत. पण त्या बाकावर मला ते शंभर टक्के खरं वाटलं. ज्याचा अपराध केला त्याच्याच नावाच्या गावात मी पोरीला घेऊन आलो होतो.

मग बोट घसरलं आणि सिकॅमोर नावाचं झाड निघालं. आपल्या उंबराचं आफ्रिकेकडचं भाऊबंद. नावाचा मूळ अर्थ म्हणे अंजीर-तुती. फळ अंजिराचं, पान तुतीसारखं. पण पुढे विलायतेच्या लोकांनी भलत्याच एका झाडाला तेच नाव दिलं, पान जरा सारखं दिसलं म्हणून. आणि अमेरिकेत गेल्यावर तिसऱ्याच झाडाला. आता सिकॅमोर म्हटलं की निम्म्या जगाच्या डोळ्यांसमोर चुकीचं झाड येतं. मला क्षणभर फार बरं वाटलं. एवढी शहाणी माणसं पान पाहून फसली आणि त्यांचं काही वाकडं झालं नाही. मग वाटलं, त्यांनी फांदी कुठे तोडली होती.

तासाभरानं बायको बाहेर आली. ताप एकशे चार झाला होता. जरा शुद्धीवर येते आहे, पुन्हा झोपते आहे. डॉक्टर म्हणाले होते, जागी झाली की थोडं थोडं लिंबाचं सरबत, मीठ-साखर घालून. "तुम्ही घरी जा," ती म्हणाली, "तिचे सुती कपडे आणा, अन् सरबत." भाऊ दारव्ह्याला फोनवर समजावत होता, म्हणून मीच जीप घेतली. पोरीला सोडून निघताना मला लाज वाटली, आणि निघायला मिळालं म्हणून त्याहून जास्त लाज वाटली.

बहिणीनं कपड्यांची पिशवी जीपमध्ये ठेवली आणि सरबताची मोठी बाटली भरून दिली. सुपारी-तांदूळ मागायची माझी हिंमत झाली नाही. लग्नघरात बाप सुपारी मागतो म्हटल्यावर चार जणींनी विचारलं असतं, कायले पाह्यजे. तसाच निघालो आणि पुलाजवळ जीप थांबवली.

दुपारी दोनला वैशाखात नाल्याकाठी कोणी नसतं. गुरंसुद्धा नसतात. उंबराखाली मात्र गार होतं, ओलसर, आणि फार शांत; मधूनच एखादं पिकलेलं फळ जमिनीवर पडल्याचा आवाज. कापल्या जागी चीक वाळून काळपट झाला होता. मी चपला काढल्या. विज्ञानाची पंचवीस वर्षं मी त्या चपलांजवळच ठेवली असावीत, कारण हात जोडल्यावर मला एकही शहाणपणाचं वाक्य सुचलं नाही. मी म्हणालो, चूक झाली. चष्मा नव्हता. हसू होईल म्हणून बोललो नाही. तुमचा जो वाटा असेल तो माझ्याकडून घ्या, तिला सोडा. आणि हे बोलल्यावर, लिहायला लाज वाटते, मी घाईघाईनं पुढे जोडलं: लग्नानंतर घ्या.

रिकाम्या हातानं आवतन देत नाहीत. माझ्याजवळ फक्त बाटली होती. दोन घोट मुळाशी ओतावेत म्हणून मी झाकण काढलं, आणि नेमकं वर काहीतरी धडाडून हललं. सबंध फांदी खाली आली असं वाटलं. माझ्या डोक्यावर काहीतरी आदळलं, माझ्या तोंडून आई गं निघालं, मी दगडावरून घसरून बसलो. वर पाहतो तर दोन वांदरं, काळी तोंडं, लांब शेपट्या, एकाच्या गालात उंबर भरलेलं. डोक्यावर पडलं होतं तेही एक उंबरच, फुटून कानापर्यंत ओघळलेलं. आणि बाटली मुळांमध्ये आडवी. सगळं सरबत, मीठ-साखर-लिंबासकट, माती गटागटा पिऊन मोकळी झाली होती.

परत घरी जाऊन दुसरी बाटली आणायची तर अर्धा तास. तेवढ्या वेळात पोरगी जागी झाली असेल. किंवा नसेल. हे 'नसेल' मनात आलं आणि मी रिकामी बाटली घेऊन अनवाणीच जीपकडे पळालो. चपला तिथेच राहिल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी वरून येणारा प्रत्येक आवाज ऐकत होतो. रडण्याचा आहे का, एवढंच. खोलीत शिरलो. नर्स थर्मामीटर उजेडात धरून पाहत होती. एकशे एक, ती म्हणाली. पोरगी उशीला टेकून अर्धी बसली होती, चेहऱ्यावर हळद ओघळून वाळलेली, ओठ फुटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट माझ्याकडेच, आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "बाबा, लय तहान लागली."

बायकोनं बाटलीसाठी हात पुढे केला. मी बाटली दिली. तिनं ती उलटी करून पाहिली, मग माझ्या कानामागचं उंबर पाहिलं, मग माझे पाय पाहिले. नर्सकडून तिनं क्षाराची पुडी घेतली, वाटीभर पाण्यात कालवली आणि चमच्यानं पोरीला पाजायला लागली. एक चमचा, थांबायचं, दुसरा चमचा. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि कोणी विचारलं नसताना सगळं सांगून टाकलं. चष्म्यापासून वांदरांपर्यंत. पोरीचे डोळे मिटत होते, पण मध्ये तिच्या ओठांचा कोपरा हलला, तेव्हा मला कळलं की ती ऐकते आहे.

बायको हसली नाही. वाटी रिकामी झाली, पोरगी झोपली, बायकोनं पदराच्या टोकानं तिचं कपाळ टिपलं, आणि पदर ओला निघाला. घाम होता. तिनं तो ओला पदर किती तरी वेळ हातात धरून ठेवला.

मग ती हळूच म्हणाली, "पोट्टी पाणी पेत नाही, हे मले परवापासून दिसून राह्यलं होतं. पाहुण्यांच्या घाईत बोलली नाही. आज सकाळपासून मी तेच मनात धरून भेऊन राह्यली होती, तुमाले कसं सांगू म्हणून." माझ्या केसांत अडकलेली उंबराची एक बी तिनं नखानं काढली.

"अन् तुम्ही इतक्या उन्हात झाडाले सांगायले गेलते. मी तं चार दिस तुमच्या बाजूलेच होती. मले सांगतलं असतं, तं दोघं मिळून भेलो असतो."